घाम आणि दाम : कार्ली लॉइड यांची कारकीर्द



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर पंडित येतात, प्राध्यापक येतात, कवी येतात. शाळा अर्ध्यावर सोडून मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्यासारख्या माणसाला चालकांनी येथे उभे केले, तेव्हा कामगार कायद्यावर चार गोष्टी ऐकायला मिळतील अशीच त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारले, "फुटबॉल? तोही बायकांचा? आणि अमेरिकेतला?" त्यांना जे उत्तर दिले तेच आपल्यापुढे ठेवतो. गेली तीस वर्षे आम्ही मजुरीचे करार करीत आलो आहोत. समान कामाला समान दाम हे चार शब्द आम्ही शेकडो द्वारसभांत उच्चारले असतील. पण या चार शब्दांत केवढा गुंता दडलेला आहे, हे न्यू जर्सीच्या एका खेळाडू बाईच्या कारकीर्दीत जितके लख्ख दिसते, तितके आम्हाला दुसरीकडे कुठे दिसले नाही. म्हणून हा विषय.

आणि खरे सांगायचे तर हा विषय कामगारांच्या अंगणाबाहेरचा नाहीच. बायकांचा फुटबॉल प्रथम गाजला तो कारखान्यांतच. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या चेंडू खेळू लागल्या, आणि खेळता खेळता त्यांचे संघ उभे राहिले. प्रेस्टन गावच्या डिक, कर कारखान्यातील मुलींचा संघ असा काही नावाजला, की १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला ५३,००० माणसे आली. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांची मैदाने बायकांना बंद केली. हा खेळ बायकांना मानवत नाही, असे कारण दिले. ही बंदी उठायला जवळजवळ ५० वर्षे लागली. जिथे गर्दी जमते तिथे पैसा जमतो, आणि जिथे पैसा जमतो तिथे तो कोणाच्या हाती जावा हा प्रश्न निघतो. आमची आजची कथा त्याच प्रश्नाची आहे.

अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असे त्याने ठरवले. या कायद्याच्या जोरावर महाविद्यालयांत मुलींचे संघ उभे राहिले, त्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. कार्ली लॉइड ही त्या कायद्यानंतर जन्मलेली मुलगी. १६ जुलै १९८२ हा तिचा जन्मदिवस, न्यू जर्सी राज्यातले डेलरन हे तिचे गाव. गावच्या शाळेत खेळली, मग त्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाच्या संघातून खेळली. तिची जागा मध्यफळीतली.

मध्यफळी म्हणजे काय, हे फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी सांगतो. मागे बचाव करणारे, पुढे गोल करणारे, आणि या दोहोंच्या मध्ये सारे मैदान पायाखाली घालणारे ते मध्यफळीचे. मागून चेंडू घ्यायचा, पुढे पोचवायचा, आणि चेंडू हिसकला गेला की तोंड फिरवून पुन्हा मागे धावायचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव येते ते बहुधा गोल करणाऱ्याचे. मध्यफळीचे श्रम त्या नावाच्या आड राहतात. ज्यांनी कारखान्यात खाते सांभाळले आहे त्यांना हे काम ओळखीचे वाटेल.

२००३ साली ही मुलगी २१ वर्षांची असताना तिला त्या वयोगटाच्या राष्ट्रीय संघातून वगळण्यात आले. तिने खेळ सोडायचाच विचार केला होता. त्या वेळी जेम्स गॅलॅनिस नावाचे, ऑस्ट्रेलियातून आलेले एक शिक्षक तिला भेटले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि सरळ निकाल सांगितला : चेंडूवरची हुकमत आहे, खेळाची समज आहे, पण शरीराची ताकद कमी, मनाचा टणकपणा कमी, आणि चूक झाली की दोष दुसऱ्यावर ढकलायची सवय. तेव्हापासून तालीम सुरू झाली. सणवार नाही, ऊनथंडी नाही. १० जुलै २००५ रोजी युक्रेनविरुद्ध ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून प्रथम खेळली. येथून पुढे आम्ही तिला लॉइडबाई म्हणू, कारण येथून पुढे ती कमावती बाई आहे.

२००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकात अंतिम सामना ब्राझीलशी झाला. ज्या मैदानावर झाला त्याचे नावच कामगार क्रीडांगण. ९० मिनिटांत कोणाचाच गोल झाला नाही. जादा वेळात, ९६ व्या मिनिटाला, लॉइडबाईंनी गोल केला आणि सुवर्णपदक अमेरिकेला मिळाले. तीन वर्षांनी, २०११ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, फ्रँकफर्टला जपानशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टीच्या फटक्यांवर आला. लॉइडबाईंचा फटका गोलाच्या दांडीवरून निघून गेला. अमेरिका हरली.

मग आले २०१२ चे लंडन ऑलिंपिक. स्पर्धेआधी प्रशिक्षकांनी त्यांना पहिल्या अकरांतून काढून बाकावर बसवले. आपल्याकडे गिरणीत बदली कामगार असत. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कायम माणूस गैरहजर राहिला तर आत घेत. लॉइडबाई त्या दिवशी बदलीच होत्या. पहिल्याच सामन्यात फ्रान्सविरुद्ध मध्यफळीची एक खेळाडू जायबंदी झाली आणि १७ व्या मिनिटाला बदलीला आत बोलावले गेले. त्या सामन्यात त्यांनी गोल केला, आणि मग त्यांना कोणी बाहेर काढले नाही. वेंब्लीवर ८०,२०३ प्रेक्षकांसमोर जपानशी अंतिम सामना झाला. अमेरिकेने तो २-१ ने जिंकला. दोन्ही गोल लॉइडबाईंचे.

आणि ५ जुलै २०१५. कॅनडातले व्हँकुव्हर शहर, जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना, समोर पुन्हा जपान. तिसऱ्या मिनिटाला गोल, पाचव्या मिनिटाला गोल, आणि सोळाव्या मिनिटाला मैदानाच्या मधल्या रेषेवरून मारलेला तिसरा गोल. जपानची गोलरक्षक पुढे आलेली त्यांनी हेरली आणि अर्ध्या मैदानावरून चेंडू तिच्या डोक्यावरून टाकला. सामना ५-२ असा सुटला. बायकांच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तीन गोल कोणी केले नव्हते. अमेरिकेत त्या रात्री फॉक्स वाहिनीवर २ कोटी ५४ लाख लोक हा सामना पाहत होते. पुढे न्यूयॉर्क शहराने या संघाची मिरवणूक काढली, आणि २०१५ व २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे लॉइडबाई जगातल्या सर्वोत्तम स्त्री खेळाडू ठरल्या.

आता आपण पगारपत्रकाकडे वळू.

आधी क्लबांचे पाहा. राष्ट्रीय संघाचे सामने वर्षातून थोडे. एरवी खेळाडूने पोट भरायचे ते क्लबाच्या लीगवर. अमेरिकेत बायकांची पहिली धंदेवाईक लीग २००१ साली निघाली आणि २००३ साली बुडाली. दुसरी २००९ साली निघाली आणि २०१२ साली बुडाली. या दुसऱ्या लीगमध्ये लॉइडबाई तीन वर्षांत तीन क्लबांकडून खेळल्या : शिकागो, न्यू जर्सी, अटलांटा. त्यातच २०१० साली पायाचा घोटा मोडला. तिसरी लीग २०१३ साली निघाली आणि ती तग धरून आहे. पण तिच्या पहिल्या मोसमात साध्या खेळाडूचे किमान वेतन होते ६,००० डॉलर आणि कमाल ३०,०००. सहा हजार डॉलरांत अमेरिकेत खोलीचे भाडेही वर्षभर निघत नाही. कितीतरी मुली दुसऱ्यांच्या घरी राहून खेळत. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचा या लीगमधला पगार मात्र देशाचे फुटबॉल फेडरेशन देई. म्हणजे लॉइडबाईंसारख्यांचा धनी दोन्हीकडे एकच. धनी एकच असला की सौदा कठीण होतो, हे येथे बसलेल्या कामगारांना सांगायला नको.

म्हणून या खेळाडूंनी फार आधीपासून संघटनेची वाट धरली होती. १९९५ च्या डिसेंबरात, अटलांटा ऑलिंपिकच्या तोंडावर, फेडरेशन म्हणाले की सुवर्णपदक मिळाले तरच बोनस. खेळाडू म्हणाल्या, पुरुषांना असे नाही; रौप्य आणि कांस्य यांचाही बोनस द्या. नऊ जणींना शिबिराचे दार बंद झाले. आपल्या भाषेत याला टाळेबंदी म्हणतात. २००० सालच्या आरंभी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जायचे नाकारले. आपल्या भाषेत याला संप म्हणतात. या झगड्यांतून त्यांनी एक गोष्ट मिळवली : दरमहा ठरलेला पगार. लीगा बुडत होत्या, दुखापत कधी होईल याचा नेम नव्हता, बाळंतपणाचा प्रश्न होता. अशा वेळी महिन्याची निश्चिती ही त्यांना सर्वांत मोलाची वाटली, आणि आम्ही त्यांच्या जागी असतो तर आम्हीही तेच मागितले असते.

पुरुषांचा करार निराळा होता. त्यांना फेडरेशनकडून महिना पगार नव्हता. जितके सामने खेळाल तितके पैसे, जिंकलात तर अधिक पैसे. ते आपल्या क्लबांतून चांगले कमावत, तेव्हा त्यांना हे परवडे. थोडक्यात, बायका पगारी आणि पुरुष पीस रेटवर. हा फरक कृपा करून ध्यानात ठेवा, कारण पुढे सारी कज्जेदलाली याच्यावरच झाली.

२०१६ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस पाच खेळाडूंनी सरकारी समान संधी आयोगाकडे तक्रार नोंदवली : कार्ली लॉइड, अॅलेक्स मॉर्गन, मेगन रॅपिनो, बेकी सॉअरब्रन आणि गोलरक्षक होप सोलो. त्या तक्रारीतले आकडे आम्ही वहीत उतरवून घेतले आहेत. वर्षाला २० मैत्रीचे सामने धरा. बायकांनी वीसच्या वीस सामने जिंकले तर प्रत्येकीला मिळणार ९९,००० डॉलर. पुरुषांनी वीसच्या वीस जिंकले तर सरासरी २,६३,३२० डॉलर. आता पुरुष वीसच्या वीस सामने हरले असे धरा. तरी प्रत्येकाला सामन्याचे ५,००० प्रमाणे १,००,००० डॉलर. सगळे सामने जिंकलेल्या बाईपेक्षा सगळे सामने हरलेला पुरुष १,००० डॉलरांनी वर! भत्त्याचेही असेच. परदेश दौऱ्यावर पुरुषाला दिवसाला ७५ डॉलर, बाईला ६०. देशात पुरुषाला साडेबासष्ट, बाईला ५०. मोठ्या रकमांच्या बाबतीत मालक शंभर कारणे देऊ शकतो. जाहिराती, तिकिटे, बाजार वगैरे. पण जेवणाच्या भत्त्याला कोणते कारण देणार? पुरुषाला जास्त भूक लागते, असे?

जागतिक स्पर्धेच्या बक्षिसाचे कारण फेडरेशनच्या हातचे नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ती रक्कम आंतरराष्ट्रीय संघटना, फिफा, देते. २०१४ साली अमेरिकेचे पुरुष शेवटच्या सोळांत पोचून हरले, त्याबद्दल फिफाने ९० लाख डॉलर दिले. २०१५ साली अमेरिकेच्या बायका जगज्जेत्या झाल्या, त्याबद्दल २० लाख. व्हँकुव्हरचे ते तीन गोल या हिशेबात किती हलके भरले ते पाहा. शिवाय ती सबंध स्पर्धा बायकांना कृत्रिम गवतावर खेळावी लागली. पुरुषांची जागतिक स्पर्धा अशा गवतावर कधी झालेली नव्हती. २०१५ च्या डिसेंबरात हवाईला ठरलेला एक सामना तर मैदान धोक्याचे आहे म्हणून खेळाडूंनी खेळायचाच नाकारला. खेळाडूचे मैदान ही तिची कामाची जागा आहे. कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, हे तत्त्व गिरणीला लागू तसे गवतालाही लागू.

फेडरेशनने काय केले? तक्रारीच्याही आधी, फेब्रुवारी महिन्यात, ते खेळाडूंच्या युनियनविरुद्ध न्यायालयात गेले होते. रिओ ऑलिंपिक तोंडावर आलेले. बायका संप करतील ही भीती. जूनमध्ये न्यायालयाने सांगितले की जुना करार आणि त्यातले संपबंदीचे कलम वर्षअखेरपर्यंत बांधील आहे. संपाचे हत्यार म्यानात गेले. मग खेळाडूंनी वाटाघाटीची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली, कागद वाचायला शिकल्या, समित्या केल्या, आणि २०१७ च्या एप्रिलात नवा करार केला. पगार वाढला, बोनस वाढला, भत्ता पुरुषांबरोबर आला. पण समानता आली नाही. म्हणून ८ मार्च २०१९ रोजी, जागतिक महिला दिनी, २८ खेळाडूंनी न्यायालयात दावा लावला. त्यात अग्रभागी ज्या चौघी होत्या त्यांत लॉइडबाई होत्या. चारच महिन्यांनी हाच संघ पुन्हा जगज्जेता झाला, आणि फ्रान्समधल्या ल्योंच्या मैदानावर बक्षीससमारंभाच्या वेळी प्रेक्षकांनीच समान वेतनाची घोषणा दिली. मालकाच्या सभेत गिऱ्हाइकाने कामगाराची घोषणा द्यावी, असा प्रसंग आमच्या आयुष्यात अजून यायचा आहे.

दाव्याच्या कामात लॉइडबाईंचा जबाब झाला. फेडरेशनच्या वकिलांनी विचारले की तुमचा संघ पुरुषांच्या राष्ट्रीय संघापुढे टिकेल काय? बाईंनी उलट विचारले की मग आपण लढूनच पाहू या का, जो जिंकेल त्याला जास्त पैसे! हे उत्तर आम्हाला फार आवडले. प्रश्नच गैरलागू होता. ज्या सामन्याचे तिकीट कोणी विकलेच नाही, त्या सामन्यावर मजुरी कशी ठरेल?

पण फेडरेशनचे वकील तेथे थांबले नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये त्यांनी लेखी मांडले की पुरुष संघाच्या कामाला अधिक कसब लागते आणि त्यावर अधिक जबाबदारी असते. 'हलके काम' हा शब्द आम्ही तीस वर्षे ऐकतो आहोत. एका कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी आम्ही बसलो होतो, तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, बसून करायचे हलके काम ते." त्या बायकांतली एक वयस्कर बाई म्हणाली, "मालक, एक दिवस कांडी बंद ठेवते. माग किती जड चालतो ते बघा." अमेरिकेतल्या खेळाडूंनीही तसाच जबाब दिला, फक्त न बोलता. ११ मार्च रोजी जपानशी सामना होता. त्या सरावाचे सदरे उलटे घालून मैदानात आल्या. फेडरेशनचे बोधचिन्ह आत झाकले गेले. चार जागतिक विजेतेपदांचे चार तारे तेवढे दिसत राहिले. दुसऱ्याच दिवशी फेडरेशनच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आल्या सिंडी पार्लो कोन, एके काळी याच संघातून खेळलेल्या.

आता आमच्या विषयाचा गाभा. १ मे २०२० रोजी, म्हणजे नेमक्या कामगार दिनी, न्यायाधीशांनी समान वेतनाची मागणी फेटाळली. त्यांचा हिशेब असा : २०१५ ते २०१९ या वर्षांत बायकांना १११ सामन्यांचे एकूण २ कोटी ४५ लाख डॉलर मिळाले, म्हणजे सामन्याला सुमारे २,२०,७४७. पुरुषांना ८७ सामन्यांचे १ कोटी ८५ लाख, म्हणजे सामन्याला २,१२,६३९. बायकांनाच जास्त मिळाले, मग तक्रार कसली? आणि पुरुषांसारखा करार देऊ केला असता त्यांनी तो नाकारून महिना पगार घेतला. आता मागाहून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहता येणार नाही.

वरवर पाहता हे बिनतोड वाटते. पण यंत्रमागावरच्या कोणत्याही विणकराला विचारा. समजा, एकाचा दर मीटरला कमी आणि दुसऱ्याचा जास्त. कमी दरवाल्याने रात्रंदिवस माग चालवून महिन्याअखेर थोडे अधिक पैसे नेले, तर दर समान झाले का? त्या पाच वर्षांत बायकांनी दोन जागतिक स्पर्धा जिंकल्या. पुरुष २०१८ च्या जागतिक स्पर्धेला पात्रसुद्धा ठरले नाहीत. जगज्जेत्यांना न पोचलेल्यांहून चार पैसे जास्त मिळाले, यात समानता कुठे आली? मजुरीची तुलना दराशी दर अशी करायची असते, थैलीशी थैली अशी नाही. पगारपत्रकातल्या बेरजेवर हात ठेवून जो बोलतो, तो घामाचा आकडा लपवतो.

राहिला कराराचा मुद्दा. तुम्हीच सही केली, असे मालक नेहमी म्हणतो. आपल्या देशात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला. पुढे तो २०१९ च्या वेतनसंहितेत सामावला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन होते. कंपनीने युनियनशी झालेल्या कराराकडे बोट दाखवले. १९८७ साली न्यायालयाने निकाल दिला की असा करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि देण्याची ऐपत नाही ही सबबही चालत नाही. हा निकाल आम्ही कांडीवाल्या बायकांना वाचून दाखवला होता. तो युनियनवाल्यांनीही वाचला पाहिजे, कारण त्या करारावर सही युनियनचीच होती. गरजू माणूस निश्चितीसाठी दर सोडतो. ही त्याची निवड नसते, त्याची अडचण असते.

अमेरिकेतल्या खेळाडूंनी अपील केले. आणि येथे एक गोष्ट घडली जी पुरुष श्रोत्यांनी विशेष ऐकावी. पुरुष खेळाडूंच्या युनियनने बायकांच्या अपिलाला लेखी पाठिंबा दिला. अपिलाची सुनावणी होण्यापूर्वीच, २२ फेब्रुवारी २०२२ रोजी, तडजोड झाली. फेडरेशनने २ कोटी ४० लाख डॉलर द्यायचे मान्य केले : २ कोटी २० लाख खेळाडूंना, २० लाख खेळ सोडल्यानंतरच्या मदतीसाठी व समाजकार्यासाठी. मे महिन्यात दोन्ही संघांचे करार जाहीर झाले. दर एकच. आणि जागतिक स्पर्धेचे बक्षीस कोणाचेही असो, फेडरेशनचा वाटा काढून उरलेली रक्कम दोन्ही संघांनी सारखी वाटून घ्यायची. म्हणजे पुरुषांनी आपल्या मोठ्या ताटातले अर्धे दिले. त्याच वर्षी कतारला पुरुष शेवटच्या सोळांत गेले, १ कोटी ३० लाख डॉलर आले, आणि त्यातला वाटा बायकांच्या घरी गेला. बायकांनी या कराराची किंमतही मोजली : महिन्याचा निश्चित पगार सोडला आणि त्याही सामन्यावर आल्या. ज्यांच्या क्लबाची लीग आता उभी आहे त्यांना हे झेपेल. त्या लीगमध्येही २०२२ साली खेळाडूंच्या युनियनने पहिला करार करून किमान वेतन ३५,००० डॉलरांवर नेले. पाया भरला गेला म्हणूनच पगाराचा टेकू काढता आला.

आणि लॉइडबाई? त्या करारावर खेळायला त्या राहिल्या नव्हत्या. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकात, वयाच्या ३९ व्या वर्षी, कांस्यपदकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन गोल केले. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी मिनेसोटात दक्षिण कोरियाविरुद्ध त्या शेवटचा सामना खेळल्या, मैदानावरच बूट काढले आणि बाहेर आल्या. ३१६ सामने, १३४ गोल. तडजोड झाली ती त्यानंतर चार महिन्यांनी. मागची थकबाकी त्यांच्यासारख्यांना मिळाली, पण नव्या दराचा पहिला सामना खेळल्या त्या मागून आलेल्या पोरी. आमच्या धंद्यात हे नेहमीचेच आहे. संपात ज्यांचे संसार मोडतात, त्यांच्यापेक्षा करारातली वाढ त्यांच्यानंतर भरती होणाऱ्यांच्या पदरात अधिक पडते.

लॉइडबाईंबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र गोड होईल. त्या मिळूनमिसळून राहणाऱ्या नव्हत्या. एकट्याने तालीम, एकट्याने राहणे. टोकियोत कांस्यपदकाच्या सामन्याआधी बाकीच्या जणी निषेधासाठी गुडघ्यावर बसल्या तेव्हा त्या उभ्या राहिल्या. पुढे संघातल्या वातावरणाविषयीही त्या कडवट बोलल्या. २०२५ साली अमेरिकेच्या फुटबॉल गौरवदालनात त्यांना स्थान मिळाले, तेव्हा आपली वाट कधीकधी एकाकी होती असे त्यांनी सांगितले. तरी त्यांनी रॅपिनोबाईंच्या शेजारी, ज्यांचे विचार पुष्कळ बाबतींत वेगळे, एकाच कागदावर सही केली. युनियनच्या कार्यकर्त्याला याहून मोठा धडा नाही. सभासदांचे एकमेकांवर प्रेम असलेच पाहिजे अशी अट घातली, तर एकही युनियन उभी राहणार नाही. दर एक असावा यावर एकमत झाले की पुरे. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला स्वतःपुरता वेगळा सौदा करता आला असता. तिने आपले नाव सर्वांच्या मागणीपत्राला जोडले, आणि त्या नावाचे वजन बाकावर बसलेल्या बदलीच्याही कामी आले.

आपल्याकडेही ही हवा पोचली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्या क्रिकेट मंडळाने स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन सारखे केले : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, वीस षटकांना ३ लाख. त्या वेळी वार्षिक करारात मात्र पुरुषांच्या वरच्या श्रेणीला ७ कोटी आणि बायकांच्या वरच्या श्रेणीला ५० लाख होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी जागतिक अजिंक्यपद जिंकले तेव्हा सारे रस्त्यावर आले, आम्हीही आलो. त्या रात्री फटाके ज्यांनी उडवले त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या गावातल्या मागावर, शेतावर, विडीच्या कारखान्यात, घरकामावर ज्या बायका जातात, त्यांच्या दराचीही एकदा चौकशी करा. त्यांच्या सामन्याला प्रेक्षक नसतात, म्हणून त्यांच्या घोषणेला आवाज आपल्यालाच द्यावा लागेल.